पाली ‘अभिजात’ झाली, पण ती वाचणार कोण? पुण्यातल्या शंभर वर्षांच्या अभ्यासाची गोष्ट

बुद्धपौर्णिमा जवळ आली की व्हॉट्सअपवर बुद्धांच्या नावाने सुविचारांचा पाऊस सुरू होतो. त्यात एक हमखास असतो: सूर्य, चंद्र आणि सत्य या तीन गोष्टी फार काळ लपून राहत नाहीत. मागे कमळ, बाजूला ध्यानस्थ मूर्ती, खाली ‘भगवान बुद्ध’. लाखो लोक तो पुढे पाठवतात.

बुद्ध असं म्हणाले होते का? जवळपास जाणारं एक सुत्त अंगुत्तरनिकायात आहे, पण ते वेगळंच काही सांगतं. तीन गोष्टी उघड्या असतानाच झळकतात, झाकल्यावर नाही: चंद्रबिंब, सूर्यबिंब आणि तथागतांनी सांगितलेला धम्म व विनय. म्हणजे ‘सत्य लपत नाही’ असं हे आश्वासन नाही. शिकवण गुप्त ठेवायची नसते, ती सगळ्यांसमोर उघडी मांडायची असते, हा त्यातला मुद्दा. त्याच सुत्तात झाकून चालणाऱ्या तीन गोष्टींचीही यादी आहे. त्यातला स्त्रियांविषयीचा उल्लेख आजच्या वाचकाला खटकेल, ब्राह्मणांच्या मंत्रांविषयीचा आणखी कोणाला झोंबेल. सुविचाराच्या कार्डावर ती यादी अर्थातच कोणी छापत नाही.

मूळ सुत्त आणि फिरणारं कार्ड यांच्यातलं हे अंतर कोण मोजणार, हा प्रश्न सध्या जास्त महत्त्वाचा झाला आहे. कारण ज्या भाषेत ते सुत्त आहे, तिला आता सरकारी मान मिळाला आहे.

निर्णय काय झाला?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच भाषांना अभिजात दर्जा दिला: मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली. त्याआधी तमिळ, संस्कृत, तेलुगू, कन्नड, मल्याळम आणि ओडिया अशा सहा भाषा या यादीत होत्या. महाराष्ट्रात पेढे वाटले गेले ते मराठीसाठी, आणि ते साहजिकच होतं. रंगनाथ पठारे समितीचा अहवाल दशकभर दिल्लीत पडून होता. त्या गडबडीत एक गोष्ट मागे पडली. त्या दिवशी दर्जा मिळालेल्या पाचपैकी तीन भाषांचा, म्हणजे मराठी, पाली आणि प्राकृत यांचा, पुणे जिल्ह्याशी थेट संबंध आहे.

दर्जा मिळाल्यावर काय मिळतं? अभ्यासकांसाठी दरवर्षी दोन आंतरराष्ट्रीय पुरस्कार, अभ्यासकेंद्र आणि केंद्रीय विद्यापीठांत अध्यासनं अशी सर्वसाधारण चौकट आहे. ग्रंथजतन, भाषांतर, प्रकाशन आणि डिजिटल माध्यमांत रोजगार वाढेल, असं सरकारने निर्णयाच्या वेळी म्हटलं होतं. कागदावर हे सगळं चांगलं आहे. पण पालीची अडचण मराठीपेक्षा वेगळी आहे. मराठी बोलणारे कोट्यवधी लोक आहेत. पाली ही कोणाचीच मातृभाषा नाही. ती टिकते ती फक्त तिच्यातले ग्रंथ वाचणाऱ्यांमुळे.

पुण्यात पाली शिकायला कोणी नव्हतं, तेव्हा

१८९९ च्या अखेरीस गोव्यातल्या सांखवाळचा एक तेवीस वर्षांचा तरुण घर सोडून पुण्यात आला. शाळेचं शिक्षण जेमतेम. घरी बायको आणि तान्ही मुलगी. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्याने बुद्धांविषयी वाचलं होतं आणि ते डोक्यातून जात नव्हतं. त्याला बुद्धांची शिकवण मुळातून वाचायची होती. हा तरुण म्हणजे धर्मानंद कोसंबी.

पुण्यात त्यांना डॉ. रा. गो. भांडारकरांचं मार्गदर्शन मिळालं, संस्कृतची सुरुवात झाली. पाली शिकवणारं मात्र कोणी नव्हतं. मग ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया असा प्रवास करत ते १९०२ मध्ये श्रीलंकेत पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे त्यांनी पाली शिकली. ज्या देशात बुद्ध हिंडले आणि गेले, तिथल्या माणसाला त्यांचं म्हणणं वाचायला समुद्र ओलांडावा लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातली परिस्थिती ही अशी होती.

परत आल्यावर कोलकात्यात विद्यापीठाची नोकरी मिळाली. ती सोडून बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले महिना पन्नास रुपये त्यांनी स्वीकारले, कारण अट अशी होती की महाराष्ट्रात राहून काम करायचं. पुढे हार्वर्डहून बोलावणं आलं. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाचव्या शतकातल्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकी अभ्यासकाने अर्धवट ठेवून जगाचा निरोप घेतला होता. ती पुरी करायला सिंहली, ब्रह्मी आणि सयामी लिप्यांतली हस्तलिखितं वाचू शकणारा माणूस हवा होता. १९१० पासून कोसंबी त्या कामासाठी अनेकदा अमेरिकेला गेले. श्रेय कोणाचं यावरून वाद झाले. ग्रंथ छापून आला तो १९५० मध्ये, कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी.

पण पुण्याच्या दृष्टीने त्याहून मोठं काम वेगळं आहे. भांडारकरांच्या पाठबळावर त्यांनी मुंबई विद्यापीठात पालीला विषय म्हणून जागा मिळवून दिली आणि १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. सहाच वर्षं. त्या सहा वर्षांत तयार झालेल्या विद्यार्थ्यांवर पुढची पन्नास वर्षं निघाली.

चिमणरावांचे लेखक आणि चिनी शिकलेले बापट

त्या वर्गातले एक विद्यार्थी चिं. वि. जोशी. होय, तेच, चिमणराव आणि गुंड्याभाऊंचे जनक. मराठी माणूस त्यांना विनोदासाठी ओळखतो. पण त्यांचा पेशा पाली शिकवण्याचा होता, बडोद्यात. त्यांनी लिहिलेलं पालीचं इंग्रजी पाठ्यपुस्तक अनेक पिढ्यांनी वापरलं.

दुसरे पु. वि. बापट. त्यांनी १९२४ मध्ये पुण्यातून ‘सुत्तनिपात’ देवनागरी लिपीत प्रसिद्ध केला. यातली देवनागरी महत्त्वाची आहे. तोवर पाली ग्रंथ छापील स्वरूपात मिळायचे ते बहुतेक लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीचे, रोमन लिपीतले. ज्याला इंग्रजी शाळेची पायरी चढता आली नाही, त्याला बुद्धवचनाचं दारही बंद. बापटांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दार उघडलं. र. द. वाडेकरांबरोबर त्यांनी ‘धम्मसंगणि’ आणि तिच्यावरची अट्ठकथा संपादित केली, ती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या मालिकेत १९४० आणि १९४२ मध्ये निघाली.

पण बापट पालीवर थांबले नाहीत. ‘विमुत्तिमग्ग’ नावाच्या ग्रंथाचं भारतीय मूळ हरवलेलं होतं, सहाव्या शतकाच्या आरंभीचं चिनी भाषांतर तेवढं उरलं होतं. बापट चिनी शिकले, ते भाषांतर ओळीओळीने ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून पाहिलं आणि १९३७ मध्ये तो अभ्यास पुण्यातून छापला. १९५६ मध्ये बुद्धपरिनिर्वाणाच्या २५०० व्या वर्षानिमित्त भारत सरकारने जो इंग्रजी ग्रंथ काढला, त्याचे संपादक बापटच होते. पुढे दिल्ली विद्यापीठात बौद्ध अध्ययनाचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्रमुखही तेच. त्यांच्यानंतर ती जबाबदारी आली वा. वि. गोखल्यांवर, आणि तेही पुण्याचेच, तिबेटी आणि चिनी जाणणारे.

ही सगळी आडनावं एका विशिष्ट सामाजिक वर्तुळातली आहेत, हे वाचकाच्या लक्षात आलं असेलच. त्या काळी संस्कृतचं शिक्षण ज्यांच्या घरात होतं, त्यांच्यातूनच पालीचे अभ्यासक आले. हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवं.

‘दीप’ म्हणजे दिवा की बेट?

आता प्रत्यक्ष ग्रंथाकडे. हा अभ्यास नेमका करतात कसा, हे एका शब्दावरून समजतं.

‘अत्त दीप भव’ हे घोषवाक्य महाराष्ट्रात शाळांच्या भिंतींवर, १४ एप्रिलच्या बॅनरवर, लोकांच्या मोबाइलच्या डीपीवर दिसतं. अर्थ सांगितला जातो: स्वतःच स्वतःचा दिवा हो. हे अगदी याच रूपात तिपिटकात येत नाही. मुळात आहे तो ‘अत्तदीपा’ हा शब्द, तोही अनेकवचनी, कारण दीघनिकायातल्या महापरिनिब्बानसुत्तात बुद्ध शेवटच्या दिवसांत आनंदाशी बोलताना सगळ्या भिक्खूंना उद्देशून ते सांगतात. मागच्या काळात कोणीतरी त्याचं सुटसुटीत एकवचनी घोषवाक्य केलं.

पण खरी गंमत ‘दीप’ या शब्दात आहे. पालीत संस्कृतमधल्या ‘दीप’चंही ‘दीप’ होतं आणि ‘द्वीप’चंही ‘दीप’च होतं. म्हणजे नुसत्या पालीवरून दिवा की बेट, हे ठरत नाही. मग काय करायचं?

पहिली पायरी: तोच शब्द इतरत्र कसा येतो ते पाहायचं. धम्मपदात अप्रमादावरच्या प्रकरणात शहाण्या माणसाने स्वतःसाठी असा ‘दीप’ करावा की जो पुरात बुडणार नाही, अशा अर्थाची गाथा आहे. पुरात न बुडणारी गोष्ट दिवा असू शकत नाही. तिथे बेटच. दुसरी पायरी: त्याच प्रसंगाचा संस्कृत पाठ. मध्य आशियातल्या वाळूत सापडलेल्या हस्तलिखितांमध्ये या सुत्ताचं संस्कृत रूप आहे आणि तिथे ‘द्वीप’ आहे. तिसरी पायरी: चिनी भाषांतरं. पाचव्या शतकात हे ग्रंथ चिनीत गेले. एका आगमात भाषांतरकाराने बेट असा अर्थ घेतला, दुसऱ्या आगमात उजेडाचा. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही माणसं इथे अडखळली होती.

आजच्या बहुतेक अभ्यासकांचा कौल बेटाकडे आहे. वाहत्या पुरात स्वतःच्या पायाखाली जमीन तयार करा, दुसऱ्या कोणाच्या आसऱ्यावर राहू नका. हा अर्थ दिव्यापेक्षा कमी दमदार नाही. मुळा-मुठेला पूर आल्यावर सिंहगड रोडवरच्या सोसायट्यांमध्ये कमरेइतकं पाणी पाहिलेल्या माणसाला तर तो लगेच पटावा. दिव्याचा अर्थ घेणाऱ्यांनी काही पाप केलेलं नाही, आणि बॅनर उतरवायचीही गरज नाही. पण मूळ काय होतं हे विचारल्यावर उत्तर शोधायची एक पद्धत आहे, आणि तिच्यासाठी पाली, संस्कृत, चिनी अशा तीन भाषा लागल्या.

सिद्धार्थ मध्यरात्री गेले का?

याच पद्धतीने कोसंबींनी मराठीत एक मोठा धक्का दिला. १९४० च्या सुमारास आलेल्या ‘भगवान बुद्ध’ या पुस्तकात त्यांनी गृहत्यागाची सर्वांना पाठ असलेली गोष्ट तपासली. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसले, मन उडालं, आणि सिद्धार्थ झोपलेल्या बायको-मुलाला सोडून मध्यरात्री घोड्यावरून निघून गेले, ही ती गोष्ट.

कोसंबींनी दाखवलं की जुन्या सुत्तांमध्ये हे गौतमाबद्दल असं येत नाही. चार दृश्यांची कथा दीघनिकायात आहे, पण ती विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची. गौतम स्वतःविषयी बोलतात ते मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसनसुत्तात. तिथे आईवडील रडत असताना, त्यांची इच्छा नसताना, आपण केस काढून काषाय वस्त्रं घातली असं ते सांगतात. आईवडील समोर रडत असतील, तर मध्यरात्रीचं पलायन कुठे राहिलं? शिवाय सुत्तनिपातातल्या अत्तदण्डसुत्तात, आटलेल्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी एकमेकांशी भांडणारी माणसं पाहून भय वाटल्याचं वर्णन आहे. यावरून कोसंबींनी अंदाज बांधला की शाक्य आणि कोलिय यांच्यातलं रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण हे गृहत्यागाच्या मुळाशी असावं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही चार दृश्यांची कथा नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण आणि मरण पाहिलंच नसेल, हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा साधा सवाल होता. १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात रोहिणीच्या पाण्यावरून युद्ध करायला विरोध केल्यामुळे सिद्धार्थांनी परिव्रज्या स्वीकारली, अशी मांडणी आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चार दृश्यं जुन्या सुत्तांत गौतमाच्या नावावर नाहीत, हे ग्रंथातून दाखवता येतं. रोहिणीचं भांडण हे गृहत्यागाचं कारण होतं, हे मात्र अनुमान आहे. अट्ठकथांमध्ये ते भांडण येतं, पण बुद्धत्वप्राप्तीनंतर, आणि बुद्ध ते मिटवतात. पहिलं विधान भक्कम आहे, दुसरं शक्यतेच्या पातळीवरचं. सोशल मीडियावर मात्र दोन्ही एकाच आवाजात सांगितली जातात, आणि विरोधकही दोन्ही एकाच आवाजात उडवून लावतात.

‘संस्कृतच्या आधी पाली’: खरं की खोटं?

हा वाद दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या कमेंट बॉक्समध्ये पेटतो. एक बाजू म्हणते, सगळ्यात जुने शिलालेख पाहा, त्यात संस्कृत नाहीच. दुसरी बाजू म्हणते, पाली संस्कृतमधून आली, विषय संपला.

गोंधळ असा की दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत. लेखनाचा पुरावा पाहिला तर पहिली बाजू बरोबर आहे. अशोकाचे इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकातले लेख प्राकृतात आहेत. संस्कृतातला पहिला मोठा शिलालेख म्हणजे रुद्रदामनचा जुनागढचा, तो इ.स. १५० च्या सुमाराचा. भाषेचं वय पाहिलं तर मात्र वैदिक संस्कृत पालीपेक्षा जुनी आहे, कारण तिची रूपं जुनी आहेत आणि ती कित्येक शतकं न लिहिता तोंडपाठ टिकली. तरीही ‘पाली पाणिनीच्या संस्कृतची मुलगी’ हे सरळ समीकरण चुकीचं आहे. पालीत काही रूपं अशी आहेत जी पाणिनीच्या संस्कृतात नाहीत, वैदिकात मात्र आहेत. नातं मायलेकींपेक्षा मावशी-भाचीचं जास्त वाटतं.

शिवाय बुद्ध ज्या कोसल-मगध भागात फिरले तिथली बोली आणि आजची पाली एकच नाही. पालीची ठेवण पश्चिमेकडच्या, गिरनारच्या अशोकलेखांच्या भाषेशी जास्त जुळते. ‘पाली’ हे भाषेचं नावही नंतरचं. मुळात त्या शब्दाचा अर्थ ‘मूळ पाठ’, म्हणजे टीकेपासून वेगळा असा बुद्धवचनाचा मजकूर.

कार्ल्याच्या भिक्खूंचे ग्रंथ कुठे गेले?

पुण्याहून लोणावळ्याला जाताना कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी लागतात. जुन्नरच्या डोंगरांत तर लेण्यांची संख्या दोनशेच्या घरात जाते. कार्ल्याला जाणारी बहुतेक गर्दी एकवीरा आईची असते. देवीचं देऊळ चैत्यगृहाच्या दाराशीच आहे. दर्शन घेऊन माणसं आत डोकावतात, छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी पाहतात, फोटो काढतात.

तिथे लेखही आहेत. मावळचं जुनं नाव ‘मामाल’ तिथेच सापडतं. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं नाव आहे, धेनुकाकटाच्या यवनांची नावं आहेत. आणि एका खांबावर सोपाऱ्याच्या सातिमित्राचं नाव आहे. तो धम्मुत्तरीय पंथातला ‘भाणक’ होता. भाणक म्हणजे सुत्तं तोंडपाठ करून म्हणणारा. छापखाना नाही, पुस्तक नाही, अशा काळात हा माणूसच चालतंबोलतं पुस्तक होता. त्याने धातूंसह तो खांब दान दिला.

आता प्रश्न असा की सातिमित्र म्हणायचा काय? आपल्याला वाटतं पाली तिपिटक. पण पाली तिपिटक हे थेरवाद परंपरेचं आहे, श्रीलंकेत जपलेलं. तिथल्या इतिवृत्तांनुसार ते इसवीसनपूर्व पहिल्या शतकात लिहून काढलं गेलं. कार्ल्याच्या लेखांत धम्मुत्तरीय येतात, महासांघिक येतात. त्यांचे ग्रंथ वेगळे होते. लेखांची भाषाही पाली नाही, स्थानिक प्राकृत आहे. महासांघिकांचा विनय आज संपूर्ण उरला आहे तो चिनी भाषांतरात. फाहियान हा चिनी भिक्खू तो पाटलिपुत्राहून घेऊन गेला होता. म्हणजे मावळच्या डोंगरात राहणाऱ्या भिक्खूने सकाळी किती वाजता जेवावं, पावसाळ्यात कुठे राहावं, हे नियम वाचायचे असतील तर आज चिनी यावं लागतं. बापट चिनी का शिकले, ते इथे कळतं.

पाली अभिजात झाली म्हणून बौद्ध इतिहास आपोआप हाती येईल, असं समजणाऱ्यांसाठी ही थोडी गैरसोयीची गोष्ट आहे. पालीशिवाय सुरुवात होत नाही. नुसत्या पालीवर काम भागत नाही.

मग अडचण कुठे आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ८४ लाख बौद्ध आहेत, त्यातले ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात. पुण्याजवळ देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली, तिथे आजही वर्षभर लोक येतात. लग्न असो, नामकरण असो की अंत्यविधी, घरोघरी त्रिशरण आणि पंचशील पालीत म्हटलं जातं. म्हणजे भारतात पाली रोज तोंडात असणारी सगळ्यात जास्त माणसं याच राज्यात आहेत. सहा वर्षांच्या मुलीला ‘वेरमणी’ हा शब्द पाठ असतो. त्याचा अर्थ ‘परावृत्त होणं’ आहे, एवढं तिला विहारात सांगितलेलंही असतं. पण त्या वाक्याची रचना कशी आहे, पुढचं वाक्य स्वतः कसं वाचायचं, हे शिकवणारं कोणी भेटत नाही.

बाबासाहेबांना ही उणीव दिसत होती. म्हणूनच त्यांनी पालीच्या व्याकरणाचं आणि शब्दकोशाचं काम हाती घेतलं होतं. ते महाराष्ट्र सरकारने त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात छापलं आहे.

ज्यांच्याकडे ग्रंथ वाचायची साधनं होती आणि ज्यांच्याकडे ते वाचायची ओढ होती, ते दोन वेगळे समाज होते. विसाव्या शतकात पुण्यातल्या अभ्यासाचं हेच मर्म होतं. आता चित्र बदललं आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पाली व बौद्ध अध्ययनाचा स्वतंत्र विभाग आहे, प्रमाणपत्रापासून पीएचडीपर्यंत शिकता येतं. राज्याच्या बोर्डात पाली घेऊन दहावी-बारावी होता येतं. ‘नेट’ परीक्षेत पाली हा स्वतंत्र विषय आहे. घरातली पहिली पदवीधर मुलगी पाली घेऊन एमए करते, हे आज अपूर्वाईचं राहिलेलं नाही.

पण पुढे काय? यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत पाली साहित्य हा वैकल्पिक विषय होता. महाराष्ट्र आणि बिहारमधली अनेक मुलं तो घ्यायची. २०१३ मध्ये अरबी, फारसी आणि काही परदेशी भाषांबरोबर पालीही त्या यादीतून गेली. त्यावर आंदोलनं झाली, निवेदनं गेली. अभिजात दर्जामुळे ती आपोआप परत येत नाही, कारण यादीचा आधार मुख्यतः राज्यघटनेची आठवी अनुसूची आहे, आणि पाली तिच्यात नाही. एका बाजूला पाली हा देशाचा ठेवा आहे असं सांगायचं आणि दुसऱ्या बाजूला ती शिकणाऱ्याला परीक्षेचं एक दार बंद ठेवायचं, यातली विसंगती सरकारने कधीतरी सोडवायला हवी. दोन पुरस्कारांनी ती सुटणार नाही. कॉलेजात पालीचा एक प्राध्यापक निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, तर तिथली पाली बंद होते. तिचा गणितासारखा पर्यायी शिक्षक मिळत नाही.

२०२५ मध्ये पिपरहवाच्या स्तूपातली रत्नं हाँगकाँगच्या लिलावात निघाली, भारताने हरकत घेतली, लिलाव थांबला आणि ३० जुलैला ती रत्नं देशात परत आली. देशभर बातम्या झाल्या, आणि व्हायलाच हव्या होत्या. त्याच स्तूपातल्या करंडकावर ब्राह्मीत एक ओळ कोरलेली आहे, आणि तिचा नेमका अर्थ काय, यावर सव्वाशे वर्षं विद्वान भांडत आहेत. त्या भांडणाची बातमी कधी होत नाही.

ग्रंथ परत आणायला लिलाव थांबवावा लागत नाही. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण तिपिटक अट्ठकथांसह देवनागरीत छापलं आहे आणि ते मोबाइलवर फुकट वाचता येतं. सुत्तसेंट्रल या संकेतस्थळावर पाली सुत्ताशेजारी त्याचे चिनी, संस्कृत, तिबेटी समांतर पाठ कोणते, याची यादी मिळते. बापटांना ज्यासाठी वर्षं घालवावी लागली, ती यादी आता एका क्लिकवर आहे. ती वाचायची कशी, हे मात्र अजून शिकावंच लागतं.

मराठी माणसाला त्यात एक फायदा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. पालीत ‘हत्थ’, मराठीत ‘हात’. ‘सप्प’चा ‘साप’, ‘अज्ज’चा ‘आज’, ‘कम्म’चं ‘काम’, ‘सत्त’चे ‘सात’, ‘अट्ठ’चे ‘आठ’. नियम सोपा आहे: पालीतलं जोडाक्षर सुटतं आणि आधीचा स्वर लांबतो. ‘हत्थी’चा ‘हत्ती’ झाला तो या नियमाला अपवाद, तिथे जोडाक्षर टिकलं. पुढच्या वेळी विहारात वंदना सुरू असेल तेव्हा असे शब्द मोजून पाहता येतील, आणि बुद्धांच्या नावाचं एखादं कार्ड आलं तर कोणत्या निकायातलं, कोणत्या सुत्तातलं, एवढं पाठवणाऱ्याला विचारता येईल. बहुतेक वेळा उत्तर येत नाही.